करसवलतीच्या यादीत दिवा का नाही?

(विश्रामबाग, सांगली येथे व्यापारी, डॉक्टर आणि शिक्षणसंस्थांचे विश्वस्त यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय कराचा आहे आणि दिव्यांचाही आहे. कर म्हटला की व्यापाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते आणि दिवा म्हटला की हे काम वायरमनचे, असे समजून माणूस पुढे जातो. परंतु हे दोन विषय एकत्र आले की त्यातून जो प्रश्न उभा राहतो, तो विश्रामबागेतील जवळजवळ प्रत्येक इमारतीला लागू पडतो. दुकान, दवाखाना, कार्यालय, महाविद्यालय अशा इमारतींतील जुने, वीज खाणारे दिवे काढून तेवढाच उजेड थोड्या विजेत देणारे दिवे बसवले, तर त्या खर्चावर शासन करात काही सूट देते काय? देत असेल, तर ती नेमकी कोणाच्या पदरात पडते? आणि ज्यांच्या पदरात पडत नाही, त्यांच्यासाठी दुसरी कोणती वाट आहे?

सांगलीहून मिरजेकडे जाणारा माणूस तिन्हीसांजेला विश्रामबागेत येतो, तेव्हा रस्ता उजळलेला असतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली स्थापन केलेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली सुरू होऊन पुढे वालचंद यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, या दोन संस्थांभोवती हा परिसर वाढला. आता तेथे रुग्णालये आहेत, बँका आहेत, कापडाची व दागिन्यांची दुकाने, उपाहारगृहे, शिकवण्यांचे वर्ग, मंगल कार्यालये आहेत. या साऱ्यांचे दिवे दिवेलागणीच्या सुमारास एकाच वेळी लागतात. राज्याची विजेची मागणी सायंकाळी पुन्हा चढते, ती याच वेळी.

कोयनेचे पाणी आणि सायंकाळची वीज

सायंकाळच्या या चढत्या मागणीला महाराष्ट्राने ज्या केंद्राचा सर्वाधिक आधार घेतला, ते केंद्र आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या पाण्यावर चालते. कोळशाचे केंद्र हवे तेव्हा झटकन वाढवता येत नाही आणि झटकन थांबवताही येत नाही. जलविद्युत केंद्र मात्र काही मिनिटांत पूर्ण शक्तीने चालू होते. कोयनेचे सर्व टप्पे मिळून १,९६० मेगावॅट क्षमता आहे आणि तिचे मोल मागणीच्या या काही तासांत सर्वांत अधिक आहे.

आता सांगलीकरांनी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोयनेचे पाणी स्वाभाविकपणे पूर्वेला वाहते, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सांगलीच्या घाटापाशी येते. वीजनिर्मितीसाठी मात्र ते सह्याद्री पोखरून पश्चिमेला वळवले जाते. पोफळीकडे उतरलेले हे पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. ते पुन्हा कृष्णेत येत नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे ज्याला बच्छावत लवाद म्हटले जाते त्याने, पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. धरणात पाणी कमी असलेल्या वर्षी ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांना, जत, आटपाडी, कवठे महांकाळच्या कोरड्या शिवारांना पाणी द्यायचे, की विजेसाठी ते राखायचे, असा पेच पडतो. २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर कोयनेतून सांगलीसाठी पाणी सोडण्यावरून किती वाद झाला, हे येथील श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

कोयनेच्या पाण्याची उडी सुमारे पावणेपाचशे मीटरची आहे. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यातून विजेचे एक युनिट निर्माण करायला साधारण नऊशे लिटर पाणी लागते, हे शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या सूत्राने कोणालाही काढता येईल. अर्थात, वीज सगळ्या देशाच्या एकाच जाळ्यातून येते. अमुक दुकानाच्या अमुक दिव्यात कोयनेची वीज आहे आणि तमुक दिव्यात कोळशाची, असे सांगता येत नाही. दुपारी वाचलेले युनिट बहुधा कोळसा वाचवते, सायंकाळी वाचलेले युनिट पाणी वाचवू शकते. म्हणूनच दुकानाच्या दिव्यांचा हिशेब कारखान्याच्या मोटारीच्या हिशेबापेक्षा वेगळा करायला हवा. ते दिवे नेमके त्या वेळी जळत असतात.

भारनियमनाची आठवण येथील कोणाला नसेल? २००१ साली दाभोळचा प्रकल्प बंद पडला आणि पुढे २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यातील तूट चार हजार मेगावॅटच्या पलीकडे गेली. दुकानांच्या पायऱ्यांवर जनरेटर धडधडत होते आणि गिऱ्हाईकाशी बोलायचे तर ओरडून बोलावे लागत होते. त्या काळात महावितरणने २००५-०६ साली नाशिक भागात सीएफएल दिव्यांचा एक प्रयोग केला. कमी वीज खाणारा दिवा ग्राहकाला द्यायचा आणि त्याची किंमत वीजबिलातून हप्त्याने वसूल करायची, अशी ती पद्धत होती. तूट हटली, जनरेटर अडगळीत गेले आणि हा नाशिकचा धडाही त्यांच्याबरोबर अडगळीत पडला. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे.

यंत्राला चाळीस, दिव्याला दहा

आता कराकडे वळू. प्राप्तिकरात ऊर्जाबचतीला दिलेले उत्तेजन मुख्यतः घसाऱ्याच्या रूपाने येते. व्यवसायासाठी घेतलेली वस्तू वर्षागणिक झिजते, म्हणून तिच्या किमतीचा काही भाग दर वर्षी उत्पन्नातून वजा करू देतात. साध्या यंत्राला १५ टक्के घसारा, तर ऊर्जा वाचवणाऱ्या विशिष्ट उपकरणांना पुष्कळ अधिक. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखाली १९६२ साली जे नियम झाले, त्यांच्या परिशिष्टात अशा उपकरणांची लांबलचक यादी होती. तिच्यातील वस्तूंना पूर्वी ८० टक्के घसारा मिळे. १ एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्क्यांवर आणला गेला.

ही यादी एकदा वाचून पाहण्यासारखी आहे. तीत विशेष प्रकारचे बॉयलर आणि भट्ट्या आहेत, वाया जाणारी उष्णता परत मिळवणारी सामग्री आहे, शंट कपॅसिटर आहेत, मोटारीचा वेग सांभाळणारी साधने आहेत, स्वयंचलित व्होल्टेज नियंत्रक आहेत. दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे मीटरदेखील आहेत. एका गोष्टीचे नाव मात्र तीत नाही, आणि ती म्हणजे दिवा. सीएफएल नाही, एलईडी नाही, माणूस खोलीतून गेल्यावर दिवा आपोआप मालवणारा संवेदकही नाही. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कारखाना होता, दुकान नव्हते.

मग दुकानातला दिवा गेला कोठे? तो गेला ‘फर्निचर आणि जोडसामान’ या वर्गात. त्याच परिशिष्टात विजेच्या जोडसामानाची व्याख्या दिली होती. वायरिंग, बटणे, सॉकेट, पंखे आणि इतर जोडण्या, सारे एकत्र आणि घसारा १० टक्के. म्हणजे कराच्या दृष्टीने वीज वाचवणारा दिवा आणि गल्ल्यापुढची खुर्ची एकाच जातीची ठरली. गंमत अशी, की सौर पॅनेल याच नियमांत अपारंपरिक ऊर्जेच्या यादीत होते. तेव्हा छपरावरच्या पॅनेलला ४० टक्के आणि त्याच पॅनेलच्या विजेवर पेटणाऱ्या खालच्या दिव्याला १० टक्के! वीज निर्माण केली तर शाबासकी आणि वाचवली तर दुर्लक्ष, असा हा न्याय होता.

आकड्यांत पाहू. समजा, तीन मजली दालनाच्या मालकाने सगळी प्रकाशयोजना बदलली आणि पाच लाख रुपये खर्च केले. १० टक्क्यांनी पहिल्या वर्षी पन्नास हजार वजा होतील. ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचा पंधरा हजारांचा कर त्या वर्षी वाचेल. तीच वस्तू चाळीस टक्क्यांच्या यादीत असती, तर दोन लाख वजा झाले असते आणि साठ हजार रुपये वाचले असते. चांगल्या एलईडी दिव्याचे आयुष्य पंचवीस हजार तास मानले, तर वर्षाला तीन हजार तास चालणाऱ्या दुकानात तो आठ वर्षे टिकतो. आठ वर्षांनी, दिवा भंगारात गेलेला असताना, दहा टक्क्यांच्या हिशेबाने वहीत त्याची किंमत दोन लाख पंधरा हजार रुपये उरलेली असते! दिवा विझला तरी वहीत तो जवळपास निम्मा तेवतच असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाढीव घसारा म्हणजे दान नव्हे. आज अधिक वजा केले तर उद्या कमी वजा होते. एकूण वजावट सारखीच राहते, फक्त ती लवकर मिळते. पैसा आधी हाती येणे याचे मोल व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही, परंतु त्याला अनुदान म्हणणे चुकीचे ठरेल. शिवाय प्रत्येक बदल घसाऱ्यात जातो असेही नाही. जुन्या पट्टीत नुसती नळी बदलली, तर तो खर्च चालू दुरुस्तीचा म्हणून त्याच वर्षी पूर्ण वजा होण्याचा संभव असतो. संपूर्ण जोडणी नवी केली तर ती भांडवली ठरते. कोणता खर्च कोठे बसतो, हे आपल्या सनदी लेखापालाला काम सुरू होण्यापूर्वी विचारावे. बिल हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो.

संसदेने २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरवली. कायदा बदलला की नियम नव्याने लिहिले जातात, आणि घसाऱ्याच्या यादीत एखादे नाव घालायला कायदादुरुस्तीही लागत नाही, अधिसूचना पुरते. दिव्याची मागणी व्यापारी महासंघांनी आजवर जोराने केली असती, तर ती यादी इतकी वर्षे तशीच राहिली असती काय?

सवलत रस्त्याने चालते तेव्हा

परंतु समजा, उद्या अधिसूचना निघाली आणि दिवा चाळीस टक्क्यांच्या यादीत आला. विश्रामबागेतील किती इमारतींना तिचा उपयोग होईल? रस्त्याने चालत जाऊन पाहिले तर उत्तर काहीसे निराश करणारे आहे.

मोठ्या दालनाच्या कंपनीला उपयोग होईल, यात शंका नाही. तिची हिशेबवही पूर्ण असते, नफा असतो, कर असतो. तिच्या शेजारचा लहान दुकानदार मात्र बहुधा अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत असतो. उलाढालीच्या ८ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा गृहीत धरायचा आणि त्यावर कर भरायचा. या योजनेत घसारा त्या आकड्यातच मिळाला असे मानतात. तो दहा टक्के असो, चाळीस असो की शंभर, दुकानदाराच्या कराचा एक रुपयाही त्यामुळे हलत नाही. वरच्या मजल्यावरच्या वकिलांची, वास्तुविशारदांची, लहान दवाखान्यांची गोष्टही पुष्कळदा हीच. व्यावसायिकांसाठीच्या योजनेत निम्मी प्राप्ती हे उत्पन्न धरले की बाकीचा विषय संपतो.

शिवाय यांतील बहुतेक गाळे भाड्याचे आहेत. करार अकरा महिन्यांचा किंवा फार तर तीन-पाच वर्षांचा. वायरिंग मालकाचे, वीजबिल भाडेकरूचे. दिवे बदलायला मालकाने खर्च करावा तर बचत भाडेकरूची होते. भाडेकरूने करावा तर करार संपल्यावर ते दिवे मालकाच्या छताला राहतात. दोघेही शहाणे असतात आणि म्हणूनच जुनी ट्यूबलाइट तेथेच लुकलुकत राहते. ही अडचण सांगलीचीच नाही, जगभरच्या भाड्याच्या इमारतींत हीच आहे.

मग येतात या परिसराची ओळख असलेल्या संस्था. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या शिक्षणसंस्थांना आणि रुग्णालयांना अटी पाळल्या तर प्राप्तिकर नसतो. ज्याला करच नाही, त्याला करसवलत कशातून देणार? वस्तू आणि सेवा कराची बाजू तर अधिकच विचित्र आहे. एलईडी दिव्यांवरचा हा कर १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. नोंदणीकृत व्यापारी हा भरलेला कर आपल्या विक्रीवरील करातून वळता करून घेतो, त्याला त्याचा भार जाणवत नाही. परंतु शिक्षण आणि बहुतांश आरोग्यसेवा करमुक्त असल्याने शाळा-महाविद्यालयांना आणि रुग्णालयांना ही वजावट मिळत नाही. एकरकमी कर भरणाऱ्या लहान दुकानदारालाही ती नाही. म्हणजे साडीच्या दालनातल्या दिव्यावरचा कर वळता होतो, आणि शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या बोळात रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्यावरचा अठरा टक्के कर रुग्णालयाच्या अंगावर पडतो. दिवसाचे चोवीस तास दिवे चालणारी इमारत कोणती? रुग्णालयच. जेथे बचत सर्वांत अधिक होऊ शकते, तेथपर्यंत सवलत पोहोचतच नाही.

हा प्रश्न इतर देशांपुढेही आला. अमेरिकेने २००५ च्या ऊर्जाधोरण कायद्यात व्यापारी इमारतींसाठी एक वजावट आणली. केवळ प्रकाशयोजना सुधारली तरी दर चौरस फुटाला ६० सेंटपर्यंत रक्कम उत्पन्नातून वजा करता येई. मात्र दिवे विकत घेतल्याची पावती पुरेशी नव्हती. ठरलेल्या मानकापेक्षा दर चौरस फुटामागची दिव्यांची वॅट-शक्ती २५ ते ४० टक्क्यांनी कमी झाली पाहिजे आणि ती जाणकाराने प्रमाणित केली पाहिजे, अशी अट होती. आणखी एक युक्ती त्या कायद्यात होती. सरकारी इमारतीला कर नसतो, म्हणून तिची वजावट इमारतीचे आरेखन करणाऱ्या वास्तुविशारदाला किंवा अभियंत्याला देता येई. २०२२ साली ही सोय करमुक्त संस्थांच्या इमारतींनाही लागू झाली. पुढे २०२५ च्या कायद्याने, ३० जून २०२६ नंतर बांधकाम सुरू होणाऱ्या इमारतींसाठी ही वजावटच बंद करण्याचे ठरवले. ब्रिटनमध्ये २००१ पासून ऊर्जाबचतीच्या उपकरणांवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के वजावट मिळे आणि तेथील यादीत दिव्यांना जागा होती. ती योजना २०२० साली संपली. या सवलती कायमच्या नसतात, हेही यातून दिसते. तिकडचे कायदे उचलून इकडे चिकटवावेत असे कोणी म्हणणार नाही, परंतु पावतीवर नव्हे तर मोजलेल्या परिणामावर सवलत देण्याची कल्पना घेण्यासारखी आहे.

बिलातला कर

प्राप्तिकरातून फारसे मिळत नाही, म्हणून दिवे बदलूच नयेत काय? येथे दुसरा एक कर कामास येतो आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. २०१६ च्या महाराष्ट्र वीज शुल्क कायद्याने घरगुती वापरावर १६ टक्के, तर व्यापारी वापरावर २१ टक्के शुल्क ठरवले. वीज वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर असल्याने हे शुल्क कोठेही वळते करता येत नाही. ते पूर्णपणे खिशातून जाते. तेव्हा प्रत्येक वाचलेल्या युनिटामागे विजेची किंमत वाचते आणि तिच्यावरचे २१ टक्के शुल्कही वाचते. यासाठी अर्ज नाही, प्रमाणपत्र नाही, लेखापरीक्षण नाही. लहान दुकानदाराला खरी करसवलत मिळते ती येथे.

एक हिशेब मांडू. एकशेवीस चौरस मीटरच्या दुकानात जुन्या पद्धतीच्या चाळीस ट्यूब आहेत. चोकसह प्रत्येक ट्यूब सुमारे ५२ वॅट घेते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी बसवली तर प्रत्येकी ३२, म्हणजे एकूण १,२८० वॅट कमी होतात. दिवसाचे दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ३,८४० युनिटे. ऊर्जा आणि वहन आकार मिळून दर दहा रुपये धरू, म्हणजे ३८,४०० रुपये आणि त्यावर शुल्क आठ हजारांहून थोडे अधिक. पट्टी तीनशे रुपयांची धरली तर चाळीस पट्ट्यांना करासह १४,१६० रुपये लागतात. चार महिन्यांत पैसे परत. मग अशा कामाला सवलत कशाला हवी? खरे सांगायचे तर नको. उजाला योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी शासकीय कंपनीने एकगठ्ठा खरेदी केल्याने एलईडी दिव्याचा जो खरेदीदर जानेवारी २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो पुढच्या अडीच-तीन वर्षांत ३८ रुपयांपर्यंत उतरला. जे काम घसाऱ्याच्या यादीने केले नाही, ते या खरेदीने केले.

सवलतीची गरज आहे ती वेगळ्याच ठिकाणी. जुने वायरिंग पूर्ण काढून नवे करायचे आहे, वर्गखोल्यांत खिडकीकडची रांग स्वतंत्र बटणावर घ्यायची आहे, जिन्यात, वाहनतळात, प्रसाधनगृहांत माणसाच्या चाहुलीने लागणारे दिवे बसवायचे आहेत, शस्त्रक्रियागृहाचे खास दिवे बदलायचे आहेत. ही कामे चार महिन्यांत पैसे परत करत नाहीत. चार-पाच वर्षे लागतात आणि तेथेच मालकाचा हात थबकतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवा स्वस्त झाला, म्हणून दुकानदाराने चाळीसाच्या जागी साठ लावले, छताला पट्ट्या, कपाटाला माळा, दारावर रात्रभर जळणारा फलक. वाचन-लेखनाच्या कामाला ३०० ते ५०० लक्स उजेड पुरतो. काही दालनांत शिरताच डोळे दिपतात आणि त्या दिव्यांची उष्णता बाहेर काढायला वातानुकूलन यंत्राची वीज वेगळी लागते. अशा दालनाला दिवे ‘एलईडी’ आहेत एवढ्यावरून सवलत देणे म्हणजे उधळपट्टीला बक्षीस देणे होय.

मालमत्ता कराची वाट

तेव्हा सवलत इमारतीला मिळाली पाहिजे, हिशेबवहीला नव्हे, आणि ती मोजून मिळाली पाहिजे. इमारतीला लागू असणारा कर म्हणजे मालमत्ता कर. तो मालक भरतो, त्याचा नफा असो वा नसो. मालकाला त्यात सूट मिळाली तर वायरिंग बदलण्याचे कारण त्याला सापडेल आणि कमी झालेले बिल भाडेकरूला मिळेल. दोघांच्या हिताची गाठ येथे बसते. पुणे महापालिकेने सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याचे संधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असणाऱ्या मिळकतीला ५ टक्के आणि दोन वा अधिक असणाऱ्यांना १० टक्के सवलत देण्याचा पायंडा पाडला. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ साली स्थापन झाली. तिच्या कर आकारणीच्या यंत्रणेला असे काम नवे वाटण्याचे कारण नाही. पुण्याचा अनुभव सावधगिरीचाही आहे. प्रकल्प एकदा उभारून सवलत घेतली आणि पुढे तो बंद पडला, अशा मिळकतींची सवलत तपासणी करून काढून घेण्याची वेळ तेथे आली. म्हणून सूट तीन वर्षांपुरती असावी आणि दर वर्षी पडताळणी व्हावी.

मोजमापाचे माप तयार आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २७ मे २००७ रोजी इमारतींसाठी जी संहिता आणली, तिच्यात दर चौरस मीटरला किती वॅटचे दिवे असावेत याची मर्यादा होती. कार्यालयांना १०.८, रुग्णालयांना १२.९, दुकानांना १६.१. ती संहिता मोठ्या विद्युतभाराच्या इमारतींसाठी होती, म्हणून विश्रामबागेतील गाळ्यांना तिची झळ लागली नाही. वरच्या उदाहरणातील दुकान आधी १७.३ वॅटवर होते, दिवे बदलल्यावर ते ७ वॅटच्याही खाली आले. तेव्हा सवलतीची अट ठरवताना २००७ चे आकडे फारच सैल पडतील. दुकानाला दहा आणि कार्यालयाला सात वॅटच्या आत राहणे आज अवघड नाही.

महापालिकेचा महसूल बुडेल, ही पहिली हरकत येईल. सूट केवळ सर्वसाधारण करात, तीन वर्षे आणि मोजक्या टक्क्यांची ठेवली तर तो बोजा मोठा नाही. राज्य शासनाचे मात्र वेगळे आहे. व्यापारी विजेवर २१ टक्के शुल्क घेणाऱ्याचे उत्पन्न विजेच्या वापराबरोबर वाढते. त्यानेच काटकसरीचा उपदेश करावा, यात थोडी विसंगती आहेच.

धर्मादाय संस्थांपर्यंत हीही वाट पूर्ण पोहोचत नाही, कारण त्यांच्या इमारतींना सर्वसाधारण करातून आधीच सूट असू शकते. त्यांच्यासाठी नाशिकची पद्धत पुन्हा बाहेर काढावी लागेल. वायरिंग आणि दिव्यांचा खर्च वीज कंपनीने किंवा एखाद्या सहकारी बँकेने आधी करायचा आणि बिलात जी बचत दिसेल तिच्यातून हप्ता घ्यायचा. सहकाराची परंपरा असलेल्या सांगली जिल्ह्याला हे जमणार नाही, असे म्हणणे धाडसाचे होईल. दिवे उतरवताना जुन्या नळ्यांत पारा असतो, हेही विसरू नये. त्या फोडून कचऱ्यात टाकल्या तर पारा हवेत आणि मातीत जातो. हप्त्याच्या करारातच त्यांची विल्हेवाट कोणी लावायची ते लिहून घ्यावे.

महापालिकेचे अंदाजपत्रक वर्षाअखेरीस तयार होते, तेव्हा मागणी त्याआधी स्थायी समितीपुढे जायला हवी. तिच्यासाठी फार कागद लागणार नाहीत. मिळकतीचे क्षेत्रफळ कर आकारणीच्या नोंदवहीत आहे. मंजूर विद्युतभार वीजबिलावर छापलेला असतो. लागणारा तिसरा आकडा म्हणजे इमारतीतील सर्व दिव्यांची मिळून वॅट-शक्ती. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी एका सुटीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकाने आणि दवाखाने मोजून तो काढू शकतील. आज तो आकडा कोणत्याही वहीत लिहिलेला नाही.